हात वर

एप्पोचा कॉम्प्युटर मेलेला नव्हता, हे आधीच सांगून टाकते. त्याला धाप लागत होती, एवढंच. चालू केला की दहा-बारा मिनिटं नीट चालायचा आणि मग अर्ध्या वाक्यावर बंद पडायचा. मी आणि माझ्या नवऱ्यानं एकतीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं. झाकण काढायच्या आधी नुसत्या आवाजावरून मला कळलं की आतला पंखा अडकलाय. उघडून बघितलं, तर आत एप्पोच्या मांजरीचे तेरा वर्षांचे केस, एक उशी भरेल इतके. वीजपुरवठ्याच्या डब्यात दोन कपॅसिटर फुगले होते. डिस्क जुनी होती, पण चालत होती. सगळं मिळून तासाभराचं काम.

हे मला स्वच्छ दिसत होतं आणि तरी फॉर्मवर मी तिसऱ्या चौकटीत फुली मारली. महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही गावघरात, म्हणजे गावाच्या सभागृहात, लोकांच्या वस्तू फुकट दुरुस्त करतो; त्या शनिवारचा एक छापील फॉर्म आहे. पहिली चौकट 'दुरुस्त झालं', दुसरी 'अर्धवट झालं', तिसरी 'दुरुस्त करण्यात अर्थ नाही'. चार वर्षांत त्या तिसऱ्या चौकटीत मी फार तर सात वेळा फुली मारली असेल, आणि त्यातल्या दोन वस्तू माझ्याकडे आल्या तेव्हाच जळून कोळसा झालेल्या होत्या.

एप्पो डाइकेमा माझा शेजारी. आमच्या दोघांच्या परसात कमरेएवढं झुडपांचं कुंपण, तेही मध्येच इतकं विरळ की माणूस आरपार जाईल. जन्मभर या एलसुम गावात त्यानं टपाल वाटलं, लग्न केलं नाही, आणि गेली सव्वीस वर्षं एकट्यानं गावाचं मासिक काढलं. मासिकाचं नाव 'क्लेपर'. आठ पानं, महिन्यातून एकदा, प्रत्येक दाराच्या पत्रपेटीत. कॉम्प्युटर गावमंडळाच्या मालकीचा, पण ठेवलेला एप्पोच्या जिन्याखाली, कारण क्लेपर आणि एप्पो यांत कोणी कधी फरक केला नव्हता. कोण जन्मलं, कोण गेलं, कोणाचा खुबा मोडला, कचऱ्याचा कोणता डबा कोणत्या बुधवारी बाहेर ठेवायचा, सगळं त्यात. शेवटच्या पानावर एक सदर होतं, 'कोण दिसलं नाही'. चर्चच्या आवारातली झुडपं छाटायच्या दिवशी किंवा तळं उपसायच्या दिवशी जे आले नाहीत त्यांची नावं, घरनंबरासकट. हे सदर बंद झालं पाहिजे असं अख्खं गाव म्हणायचं, आणि अंक हातात पडला की अख्खं गाव आधी शेवटचं पान उघडायचं.

गावमंडळाची अध्यक्ष लोबके. पाच वर्षांपूर्वी उट्रेख्ट शहरातून नवरा आणि दोन मुली घेऊन इथे आली, हवेसाठी म्हणे. हवा आमच्याकडे आहे खरी, छपरावरची कौलं उडतील इतकी. दुसऱ्याच वर्षी ती अध्यक्ष झाली, कारण ते पद दुसऱ्या कोणालाच नको होतं. कामाची आहे, हे मान्य करते. पण तिच्या प्रत्येक वाक्यात 'आपण सगळे मिळून' असतं, आणि ते ऐकलं की मी सावध होते. तिच्या नवऱ्याचं नाव 'कोण दिसलं नाही'मध्ये लागोपाठ दोनदा आलं होतं. त्यावर ती हसली होती, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेलं नव्हतं.

मग डिसेंबरात एप्पोनं घोळ घातला. हिन्डरिक आणि आल्ये या जोडप्याला त्यानं लग्नाच्या साठाव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा छापल्या, फुलांच्या चौकटीत. आल्ये ऑक्टोबरातच गेली होती. तिच्या निधनाची बातमीही त्यानंच छापली होती. हिन्डरिकला काही वाटलं नाही. "निदान कोणीतरी साठ वर्षं पूर्ण मोजली," असं तो मला म्हणाला आणि ते पान त्यानं कापून ठेवलं. पण गावाला फार वाटलं. बेकरीत, शाळेच्या फाटकापाशी, माझ्या दुरुस्तीच्या टेबलापाशी, सगळीकडे तेच. एप्पोचं वय झालं. एप्पोला आता झेपत नाही.

आम्ही डच माणसं स्पष्टवक्ती, असं आम्हीच जगाला ऐकवत असतो. जे असेल ते तोंडावर, मागे काही नाही. पाहुण्याला सुद्धा सांगतो, जेवायची वेळ झाली, आता निघा. मग सांगा की कोणीतरी एप्पोला! दोन मिनिटांचं काम होतं. कॉफी प्यायची आणि म्हणायचं, "एप्पो, तुझ्याकडून चुका होतायत, आपण काय करू या?" जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला, एकाचीही जीभ उचलली नाही. माझीही नाही, आणि मी तर कुंपणापलीकडे राहते. तेवढ्यात कॉम्प्युटरच बंद पडायला लागला आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

मार्चच्या पहिल्या शनिवारी एप्पो तो हातगाडीवर घालून गावघरात घेऊन आला, वर जुना रेनकोट पांघरून.

"काय होतंय त्याला?" मी विचारलं.

"थोडं काम केलं की बसतो. माझंही तसंच होतं, पण मी निदान आधी सांगतो."

"ठेव इथे. बघते."

"बघ, घाई नाही. म्हणजे आहे, चौदा तारखेला अंक छापायला जायचाय. पण तुझ्या हातात दिलाय म्हणजे मला काळजी नाही." असं म्हणून त्यानं कॉफी आणि मनुकांच्या पावाचा एक तुकडा घेतला आणि दुसऱ्या टेबलावर कोणाच्या तरी शिवणयंत्राला फुकटचा सल्ला द्यायला गेला.

तो घरी गेल्यावर लोबके आली. खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली.

"गेसीन, कसा आहे गं?"

"कोण, एप्पो?"

"कॉम्प्युटर गं!"

"बरा होईल. केस साफ करायचे, दोन भाग बदलायचे."

तिनं खुर्ची आणखी जवळ ओढली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "हे बघ, तेरा वर्षांचा आहे तो. आज हे होईल, उद्या दुसरं काहीतरी. मंडळ नवा लॅपटॉप घ्यायला तयार आहे. तो इथे गावघरात राहील, चार-पाच जणांचा गट मासिक काढेल. आपण सगळे मिळून."

"आणि एप्पो?"

"एप्पोनं आता आराम करावा ना. त्याला किती ताण होतो, तू बघतेसच. त्याच्याच भल्याचं आहे."

"मग त्याला तसं सांग."

"अगं, असं कसं सांगू? त्याला लागेल. कॉम्प्युटरचं निमित्त झालं की कोणीच दुखावलं जाणार नाही." मग ती माझ्या स्क्रू-ड्रायव्हरच्या डब्याशी चाळा करत म्हणाली, "शिवाय तुझ्या शनिवारांचंही बघायला हवं. ती फिजिओथेरपीवाली बाई या खोलीसाठी मागे लागलीये. मी तिला अजून काही बोलले नाहीये."

धमकी होती का? नव्हती म्हणाल तर नव्हती. तिला विचारलं असतं तर तिनं डोळे मोठे करून "गेसीन!" म्हटलं असतं. पण माझा नवरा गेल्यावर, दुकान बंद झाल्यावर माझ्याकडे उरलंय काय, तर महिन्यातला हा एक शनिवार. त्या टेबलामागे बसले की लोक माझ्याकडे कामासाठी येतात. बाकीचे एकोणतीस दिवस मी गेसीन, बिचारी, एकटी असते. मला ते टेबल हवं होतं. तिला ते कळलं होतं, आणि तिला ते कळलंय हे मलाही कळलं होतं.

मी फुली मारली. खाली दोन ओळी लिहिल्या: 'यंत्र जुने आहे. पुढे आणखी बिघाड संभवतात. नवीन घेणे श्रेयस्कर.' यातलं एक वाक्यही खोटं नव्हतं. तेरा वर्षांच्या कुठल्याही गोष्टीत बिघाड संभवतातच. पंख्याचं आणि कपॅसिटरचं मात्र मी लिहिलं नाही.

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी साडेसातला गावमंडळाची वार्षिक सभा होती. अडतीस माणसं आली. विषय क्रमांक सात: 'क्लेपरसाठी संगणक, दुरुस्ती की नवीन'. एप्पो पहिल्या रांगेत, कडेला, मांडीवर वही. सभेत हात मोजायचं काम वर्षानुवर्षं त्याच्याकडे होतं. टपालवाला असल्यामुळे त्याला प्रत्येकाचं नाव पाठ, दोनदा मोजायची गरज पडायची नाही.

लोबकेनं माझ्या दोन ओळी वाचून दाखवल्या. 'आपल्या तज्ज्ञ गेसीनच्या मते' अशी सुरुवात करून. मी टेबलावरच्या बशीतली बिस्किटं मोजत होते.

एप्पो मागे वळला. "गेसीन, एवढा बिघडलाय?"

साधा प्रश्न होता, चिडून विचारलेला नव्हता. आजारी माणसाच्या घरचे डॉक्टरला विचारतात तसा.

"जुना झालाय, एप्पो," मी म्हणाले.

"ते मला माहीत आहे. बिघडलाय का?"

"दुरुस्त करण्यात आता अर्थ नाही."

"बरं," तो म्हणाला. "तू म्हणतेस म्हणजे तसंच असणार." आणि पुन्हा समोर वळला. मी उठले नाही. तेव्हा उठायला हवं होतं.

लोबके म्हणाली, "मग मतदान घेऊ या. नवीन घ्यावा या बाजूनं—"

"एक मिनिट," एप्पो म्हणाला. "नवीन आला तर तो कुठे राहणार? माझ्या जिन्याखाली?"

"इथे गावघरात. म्हणजे सगळ्यांना वापरता येईल. एक छोटासा गट करतोय आपण."

"त्या गटात मी आहे?"

कोणीतरी खोकलं. लोबके म्हणाली, "तू तर आमचा सल्लागार असशीलच ना! काही अडलं की आम्ही तुलाच विचारणार."

एप्पो उभा राहिला. रेनकोटाच्या खिशातून त्यानं मंडळाच्या नियमांची छोटी पुस्तिका काढली, पण उघडली नाही. "कलम चौदा," तो म्हणाला. "वस्तूंवर आणि कामांवर मत हात वर करून. माणसांवर मत चिठ्ठीनं. हा विषय माणसाचा आहे, अध्यक्षबाई. तुम्ही चिठ्ठ्या वाटा."

तुम्ही! गावात तो डॉक्टरलाही 'तू' म्हणतो.

"एप्पो, अरे, हा कॉम्प्युटर आहे," लोबके हसून म्हणाली, आणि ती हसली म्हणून बाकीचेही हसले. मोकळेपणानं, बरं वाटून हसले. "उगाच स्वतःवर ओढून घेऊ नकोस. इथे तुझ्या विरुद्ध कोणीच नाही."

"मग चिठ्ठीनं काय बिघडतं? वीस मिनिटांचं काम आहे."

"नियम म्हणजे नियम ना? तूच म्हणतोस नेहमी. वस्तूवर हात वर."

नियमाच्या माणसाला नियमानंच गप्प केलं. त्यानं पुस्तिका खिशात घातली, पेन्सिल काढली आणि आमच्याकडे तोंड करून उभा राहिला, कारण हात मोजायचे होते आणि ते काम त्याचं होतं.

"नवीन घ्यावा या बाजूनं?"

हात वर गेले. हात वर करणं म्हणजे अंग काढून घेणंही असतं, आणि त्या दिवशी आम्ही दोन्ही अर्थांनी हात वर केले. कोणी छताकडे बघत होतं, कोणी स्वतःच्या बुटांकडे. हिन्डरिकनं हात खालीच ठेवला, मांडीखाली दाबून, पण विरोधही केला नाही. मी थांबले. कितीतरी वेळ थांबल्यासारखं मला वाटलं. मग लोबकेनं माझ्या दिशेनं बघितलं आणि माझाही हात वर गेला.

एप्पोनं पेन्सिलीच्या टोकानं एकेक हात मोजला. त्याला घाई नव्हती. प्रत्येक हातापाशी पेन्सिल क्षणभर थांबायची, मग पुढे जायची. "चौतीस," तो म्हणाला. "विरुद्ध?" योको ब्राउवरनं हात वर केला, पण तो पार बहिरा आहे, बहुधा खिडकी लावा म्हणत असावा. "एक. तटस्थ?" हिन्डरिक. एप्पोनं स्वतःचं नाव कशातच घातलं नाही. आकडे त्यानं वहीत लिहिले आणि खाली बसला.

मग लोबकेनं शेजारच्या खोलीतून फुलांचा मोठा गुच्छ आणला आणि 'सव्वीस वर्षांच्या सेवेबद्दल' असं म्हणून त्याच्या हातात दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गुच्छाला कार्ड होतं, त्यावर त्याचं नाव सुंदर अक्षरात छापलेलं. छापखान्यात असं कार्ड करून घ्यायला दोन दिवस लागतात. ते एप्पोला सांगायची गरज नव्हती, त्याचा छापखान्याशी सव्वीस वर्षांचा संबंध होता. त्यानं कार्ड वाचलं, उलटून मागची बाजू बघितली आणि आभार मानले. बीअर आली. लोक येऊन त्याची पाठ थोपटत होते, "सुटलास बाबा आता," म्हणत होते. एप्पोनं एकही ग्लास घेतला नाही. फुलं पिशवीत उलटी घालून तो घरी गेला.

कॉम्प्युटर माझ्याच शेडमध्ये पडून होता. भंगारात द्यायचं काम माझ्याकडे आलं होतं. मी दिला नाही. सोमवारी सकाळी मी केस काढले, कपॅसिटर बदलले, पंख्याला तेल दिलं. एक तास दहा मिनिटं लागली. मग दिवसभर चालू ठेवला, तो एकदाही बंद पडला नाही. पडद्यावर मार्चचा अंक अर्धा जुळवलेला होता. शेवटचं पान रिकामं होतं, वर फक्त 'कोण दिसलं नाही' एवढंच.

मला वाटलं, हा त्याला नेऊन द्यावा. मासिक नाही तर नाही, पत्रं लिहील, आठवणी लिहील. खरं सांगायचं तर मला त्याचं काही नव्हतं पडलेलं, मला हलकं व्हायचं होतं. मंगळवारी सकाळी मी तो हातगाडीवर ठेवला आणि त्याच्या मागच्या दारी गेले. तीस वर्षं आम्ही एकमेकांकडे मागच्याच दारानं जातो. पुढचं दार परक्यांना, पाळकाला आणि शवपेटीला. मागचं दार लोटलं, तर कडी लावलेली. तीस वर्षांत पहिल्यांदा.

"पुढून या," आतून आवाज आला.

मी घराला वळसा घालून पुढच्या दाराशी गेले, गाडी खडीवर अडखळत होती. एप्पोनं दार उघडलं. पायात मोजे, दाढी केलेली, मांजर खांद्यावर.

"बोला," तो म्हणाला. "काय काम काढलंत?"

"एप्पो, माझ्याशी असं बोलू नकोस."

त्यानं हातगाडीकडे बघितलं.

"दुरुस्त केलाय हा," मी म्हणाले. "नीट चालतोय. तासाभराचंच काम होतं."

"तासाभराचं."

"हो."

"आणि हे तुम्हाला त्या शनिवारीच माहीत होतं."

मी मान हलवली. पुढचं सगळं एका दमात बोलून टाकलं. लोबके, खोली, फिजिओथेरपीवाली, माझे शनिवार, सगळं. आपलेच शब्द कानावर पडत होते आणि ते किती हलके आहेत ते मला कळत होतं. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"चिठ्ठ्या मी जिंकायला मागितल्या नव्हत्या," तो म्हणाला. "हरणार हे मला खोलीत पाऊल टाकताच दिसलं होतं. चुका होतात माझ्या, मला माहीत नाही का? आल्येची चूक मला रोज आठवते. पण चिठ्ठीवर नाव नसतं. चौतीस चिठ्ठ्या निघाल्या असत्या, कोणाच्या ते मला कळलं नसतं. दुसऱ्या दिवशी पाव आणायला गेलो असतो आणि भेटेल त्याला 'मॉय' म्हणून नेहमीसारखा नमस्कार केला असता. प्रत्येकाच्या बाबतीत वाटलं असतं, हा त्यातला नसेल. एवढंच हवं होतं मला. त्यासाठीच तर तो नियम आहे."

"मला नव्हता करायचा हात वर," मी म्हणाले. मला रडू यायला लागलं होतं आणि त्याचाच राग येत होता. "तू बघितलंस ना? मी थांबले होते. सगळ्यांचे हात वर गेल्यावर, अगदी शेवटी—"

"शेवटी नाही," एप्पो म्हणाला. आवाज चढला नव्हता. टपाल कोणत्या घरचं ते सांगावं, तसा. "मी मोजत होतो. तुमचा चौथा होता."

त्यानं मांजर खांद्यावरून खाली घेतली आणि दार लावलं.